गरम, बंद, गार

माझा जन्म गेला भट्टीवर आणि आमच्या हिचा बर्फात. म्हणजे मी ओतकामाच्या कारखान्यात, वितळलेल्या लोखंडासमोर, आणि ही शीतगृहात, गोठलेले वाटाणे पिशव्यांत भरायला. त्यामुळे मला कायम उकडतं आणि हिला कायम थंडी वाजते. एकाच खोलीत मी बनियनवर आणि ही स्वेटर, शाल, पायमोजे घालून. घरी पाहुणा आला की त्याला कळायचं नाही, बाहेर ऋतू कोणता आहे.

आमच्या घरात बोळाच्या पार टोकाला, भिंतीवर एक घुंडी होती. दुकानात तिला थर्मोस्टॅट म्हणतात. उजवीकडे फिरवली की घर तापतं, डावीकडे फिरवली की निवतं. खाली एक छोटा खटका, त्याला तीनच जागा: गरम, बंद, गार. बास. ना वाचायचं ना शिकायचं.

त्या घुंडीवर आमचा संसार झाला. मी जाता-येता डावीकडे फिरवायची, हिने जाता-येता उजवीकडे. कबूल मात्र कुणी करायचं नाही.

"अहो, घुंडीला हात लावलात?"

"मी कशाला लावू?"

"मग काय, भिंतीने फिरवली?"

आमची पोरगी लहान असताना अभ्यास करता करता स्वेटर घालायची, काढायची, परत घालायची. वर बघायचीसुद्धा नाही. लोकांना भांडायला जमीनजुमला लागतो, आम्हाला एक घुंडी पुरली. हिला ताप असला तरी ही उठायची, बोळ ओलांडून जायची, घुंडी उजवीकडे करायची आणि मगच परत अंथरुणात शिरायची.

मग ही पडली. जिन्यात नाही, ओल्या फरशीवर नाही, चांगल्या कोरड्या दारात, पायपुसण्यात पाय अडकून. खुबा मोडला. ऑपरेशन करून आत धातूचा सांधा बसवला. मी डॉक्टरला विचारलं, "ओतीव आहे की ठोकून घडवलेला?" तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "आजोबा, सांधा उत्तम आहे, त्याची काळजी नको. काळजी वेगळीच आहे. आत्ता घरी गेल्यावर रोज चालल्या तर चालतील. आत्ता बसून राहिल्या तर पाय आखडेल, आणि मग कायमची खुर्ची."

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! आमची ही आणि बसून राहणार?

घरी आलो तर बोळाच्या टोकाला घुंडी नाही. तिच्या जागी काळी, चकचकीत काच. पोरीने बसवून घेतली होती. पोरगी मनाने सोनं आहे, पण एकदा काळजी करायला लागली की रणगाड्यासारखी येते.

"आईला आता उठायला नको," ती म्हणाली. "हे मी माझ्या फोनवरून चालवणार. अख्ख्या आठवड्याचं वेळापत्रक लावलंय. सकाळी गरम, दुपारी तुम्ही दोघं झोपता तेव्हा आपोआप कमी, संध्याकाळी परत गरम."

"मी दुपारी कुठे झोपतो?"

"झोपत जा."

"आणि जुनी घुंडी?"

"टाकली. बाबा, ती पिवळी पडली होती."

"मीपण पडलोय," मी म्हटलं. पण तिने ऐकलं नाही.

घरात शांतता झाली. डावं नाही, उजवं नाही, 'अहो' नाही. ही खिडकीजवळच्या खुर्चीत, पायांवर पांघरूण घेऊन. चहा मी आणून द्यायचो, फोन हाताशी, औषधं हाताशी. व्यायाम करून घेणारी एक बाई यायची. तिच्यासमोर ही वॉकर धरून उभी राहायची, दोन पावलं टाकायची आणि "दुखतं गं बाई," म्हणून धपकन बसायची. मी आर्जवं केली, रागावलो, गोड बोललो. गोड बोलल्यावर तर हिला संशयच आला.

एकदा वैतागून म्हणाली, "पण उठून जाऊ कुठे?"

खरंच, कुठे जाणार? सगळंच आम्ही तिच्यापाशी आणून ठेवलं होतं.

त्यानंतरच्याच आठवड्यात मी भाजी आणायला गेलो होतो. रस्त्यात एक जुना सोबती भेटला, गप्पा लांबल्या. परत आलो, दार उघडलं तर घर गार. मला, भट्टीवाल्याला, गार लागलं! ही खुर्चीत अंग आक्रसून बसलेली, नाक लाल, आणि फोनवर पोरीशी बोलत होती. "बाळा, जरा थंडी वाजतेय गं. वाढवतेस का? नाही, नाही, कामात असलीस तर राहू दे."

राहू दे!

ही कोण बाई? आमच्या हिच्या शीतगृहात एक साहेब होता. त्याने फर्मान काढलं की पोरींनी एकावर एक दोन हातमोजे घालायचे नाहीत, काम मंद होतं. हिने जाऊन एक गोठलेली पिशवी त्याच्या उघड्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "धरा. माझं बोलून होईपर्यंत सोडायची नाही." आणि मग सावकाश बोलली. फर्मान तिथल्या तिथे मागे. ती बाई आज ऊब मागायला पोरीची परवानगी घेत होती, आणि वर 'राहू दे' म्हणत होती.

मी फोन घेतला. "घर गार कसं झालं?"

"अहो बाबा, काही बिघडलं नाहीये," पोरगी म्हणाली. "त्याला हालचाल कळते. बराच वेळ कुणी हललं नाही की त्याला वाटतं, घरात कोणी नाही. मग ते कमी होतं."

मी फोन ठेवला आणि त्या काळ्या काचेसमोर जाऊन उभा राहिलो. माझी बायको घरात जिवंत बसली होती आणि या डबड्याने ठरवून टाकलं, घरात कोणी नाही. माझ्या डोक्यात जी तिडीक गेली! पण खरं सांगू? त्याच्यावरचा राग निवेपर्यंत माझ्या ध्यानात आलं की ते खोटं बोलत नव्हतं. तिने हलणंच सोडलं होतं.

चपला घातल्या आणि दुकान गाठलं.

दुकानातला पोऱ्या गुळगुळीत दाढी केलेला, बोलायला साखर. "या काका. हे बघा, हे स्वतः शिकतं."

"काय शिकतं?"

"तुमच्या सवयी."

"माझ्या सवयी शिकण्यात बायकोचं आयुष्य गेलं, अजून ती नाराजच आहे. पुढचं दाखव."

"हे घ्या. यात सातही दिवसांचं वेगवेगळं वेळापत्रक लावता येतं."

"बाळा, कारखान्याच्या भोंग्यावर उठलो, भोंग्यावर जेवलो, भोंग्यावर घरी आलो. आता घरात परत भोंगा लावू? ज्यात काही लावता येत नाही ते दाखव."

तो खाली वाकला, मागच्या फळीवरून धूळ बसलेलं एक खोकं काढलं. आत पांढरी घुंडी. खाली खटका. गरम, बंद, गार. मी फिरवून बघितली. बोटांना कशी जड लागली, मस्त.

"काका, यात काहीच येत नाही," तो कळवळून म्हणाला.

"फोन?"

"नाही."

"वेळापत्रक?"

"नाही."

"वाढवायचं असेल तर काय करायचं?"

"उठून जाऊन हाताने फिरवायचं."

"बांध," मी म्हटलं.

"पण काका, आजकाल हे कुणी घेत नाही. काकूंना त्रास होईल."

"त्रासासाठीच घेतोय," मी म्हटलं, आणि तो परत काही बोलायच्या आत खोकं काखेत मारलं.

आमच्या गल्लीतल्या वायरमनने ती बसवली. त्याने विचारलं, "खुर्चीजवळ घेऊ का? जास्तीची तार ओढून देतो." मी म्हटलं, "जिथे होती तिथेच. बोळाच्या टोकाला. एक वीतही अलीकडे नको."

ही खुर्चीतून बघत होती. मान चांगली वळवून बघत होती, हे मी टिपलं.

पोरीच्या फोनवर यंत्र मुकं झालं तशी ती धावत आली.

"बाबा, यंत्र कुठंय?"

"खोक्यात घालून ठेवलंय. ने तुझ्या घरी, तुमच्या सवयी शिकव त्याला."

"तुम्ही इतके हट्टी कसे हो?"

"सरावाने."

"आणि आई तिथपर्यंत जाताना पडली तर?"

ही भीती काय तिला एकटीलाच होती? मी म्हटलं, "पडली तर उचलू आपण दोघं मिळून. पण या खुर्चीत रुतली, तर तू, मी आणि तुझा फोन, तिघांनी ओढली तरी निघायची नाही. डॉक्टर काय म्हणाला ते तूपण ऐकलंस."

पोरगी डोळे पुसत कोचावर बसली. मी पाणी प्यायचं निमित्त करून बोळात गेलो आणि घुंडी डावीकडे केली. चांगली करकचून. आलो आणि बसलो.

जरा वेळ गेला. हिने पांघरूण वर ओढलं. मग खांदे आखडले. मग, "अहो, गार वाटतंय."

"मला तर उकडतंय."

"वाढवा की जरा."

"मी नाही वाढवणार."

पोरगी ताडकन उठली. "थांब आई, मी..."

"बस खाली!" मी एवढ्याने ओरडलो की माझा मीच दचकलो. "ज्याला थंडी वाजते त्याने उठायचं आणि फिरवायची. या घराचा कायदा तुझ्या जन्माआधीपासून तोच आहे."

हिने माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी सरळ बघितलं. "काय म्हणालात?"

"ऐकू येत नाही का? खुब्याचं ऑपरेशन झालंय, कानाचं नाही."

मला वाटलं, आता रडणार. रडली असती तर मी गेलो असतो वाढवायला, खोटं कशाला बोलू. पण तिचे ओठ घट्ट झाले. साहेबाच्या हातावर पिशवी ठेवताना असेच झाले असणार. तिने पांघरूण फेकलं, वॉकर ओढला आणि उठली.

"लाज वाटत नाही," ती बोळाकडे वळली. "आजारी बायकोला." ठक. "गारठवून मारायला निघालाय." ठक. "उभा जन्म यांची भट्टी सोसली मी." ठक. "उकडतंय म्हणे!"

मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसलो होतो. धरले नसते तर तिच्या मागे धावलो असतो. पोरीने तोंडावर हात दाबला होता. मधे एकदा ठक थांबलं. नुसता श्वास ऐकू आला, जड. आम्ही दोघंही अर्धे उठलो. मग परत ठक.

आणि मग खट्. घुंडी फिरली. हीटरने आतून भपकन पेट घेतला.

बोळाच्या टोकावरून आवाज आला, धापेतला, पण जुनाच आवाज. "आता लावून बघा हात!"

ती परत आली, खुर्चीत बसली, घामाने डबडबलेली. पोरीने तिला मिठी मारली. आई तिला म्हणाली, "रडतेस काय? तुझ्या बापाला उकडतंय, त्याला वारा घाल."

मी उठलो. म्हटलं, "जरा पाणी पिऊन येतो."

"मघाशीच प्यालात!"

"परत तहान लागली."

आणि जाता जाता फिरवली डावीकडे.

त्या दिवशी ती परत एकदा उठली. दुसऱ्या दिवशी किती वेळा, ते मोजायच्या फंदात मी पडलो नाही. व्यायामवाली बाई खूष झाली, तिला वाटलं आपल्या शिकवण्याचा गुण आला. वाटू दे. वॉकर जाऊन काठी आली. पोरगी मवाळ झाली, पण तिच्याच्याने राहवेना. एकदा म्हणाली, "आई, निदान ती घुंडी इकडे खुर्चीजवळ घेऊया का?"

"खबरदार!" ही म्हणाली. "इथे आणलीस तर यांना माझ्या नाकासमोर फिरवता येईल. तिकडे निदान जायचे कष्ट तरी पडतात यांना." मग माझ्याकडे बघून, "आणि पाणी प्यायचं सोंग पुरे झालं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग उठलीस कशाला?"

"थंडी वाजत होती म्हणून."

आता उन्हाळा लागलाय. खटका 'गार'वर माझ्या हाताने गेला, आणि आता लढाईला नवीन रंग आहे. कडक ऊन पडलंय, घर छान गार झालंय, मी बनियनवर सुखात बसलोय, आणि एवढ्यात हिची खुर्ची करकरते. मी बघत नाही. पावलं बोळात जातात, एक जरा ओढल्यासारखं, दुसरं ठाम. खट्.

आज पावलं गेली तेव्हा काहीतरी कमी वाटलं. मी वळून बघितलं. काठी खुर्चीलाच टेकलेली होती.

ती आली, स्वेटर सारखा करत बसली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय बघताय?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि पाणी प्यायला उठलो.