तांब्यातली केझी

"ह्यापेक्षा पळीच्या पाठीवरून छापलेलं बरं," बार्नबी पुटपुटला आणि ओला कागद कोपऱ्याला धरून त्यानं तांब्याच्या पत्र्यावरून सोलून काढला.

डॉर्कस दोरीवर छाप वाळत घालत होती. तिनं मान वळवली नाही.

"मला बोलतोयस का?"

"तुला कशाला, ह्या तांब्याला बोलतोय. पोटात काही धरतच नाही मेलं. शाई भरा, पुसा, पुन्हा भरा, आणि बाहेर येतं काय? धुकं. नदीवरचं धुकंसुद्धा ह्याहून काळं असतं."

"मग पुसताना जरा हात हलका ठेव."

"माझ्या हाताला नावं ठेवू नकोस हं. ह्या हातानं लॉर्डांची तोंडं छापलीत. नाकं बरी नव्हती, तो माझा दोष नाही."

एरवी ती हसली असती. बार्नबी तिचा धाकटा भाऊ. लंडनच्या सोहोतल्या ह्या तळघरात तो दाबयंत्र ओढी, आणि वरच्या मजल्यावर तिचा नवरा एफ्रम टल्क पत्रे कोरी. कोरी म्हणायचं एवढंच. ह्या कामात रेघ नसतेच. आधी दातेरी पातं डोलवून डोलवून सगळा पत्रा खडबडीत करायचा, इतका की त्यावरून छाप घेतला तर नुसता काळोख यावा. मग त्या काळोखातून खरवडून खरवडून उजेड बाहेर काढायचा. एफ्रमला ते जमे. त्याच्या छापातल्या मखमलीवर बायका बोट फिरवून बघत.

हा पत्रा होता मेणबत्तीवर हात धरलेल्या मुलीचा. मुलगी म्हणजे एफ्रम आणि डॉर्कसची केझी. घसा धरला आणि चार-पाच दिवसांत गेली, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात एफ्रमनं तिला खडूनं काढलं होतं आणि त्यावरून हा पत्रा केला होता. स्ट्रँड रस्त्यावरच्या पॅस्को साहेबांनी तो दुकानाच्या काचेत लावला आणि लोकांनी उचलून धरला. ज्यांच्या घरात मूल गेलं होतं ते तर घेतच, पण ज्यांची पोरं घर डोक्यावर घेत तेही घेत.

तांबं मऊ. दर छापागणिक दाब बसतो, खडबड झिजते, काळं करडं होत जातं. मग एफ्रम पत्रा वर नेई, झिजलेल्या जागी पुन्हा पातं डोलवी आणि पुन्हा उजेड काढी. असं तीनदा झालं होतं.

"इकडे ये," बार्नबी म्हणाला. "बघ."

तिनं बघितलं. मेणबत्ती होती, बोटांच्या फटींतून येणारा उजेड होता. हनुवटी मात्र दूध घालायला येणाऱ्या पोरीची, पेगची होती. त्यात एफ्रमचा काय गुन्हा? रोज सकाळी दारात दिसणारं लहान तोंड तेवढं एकच. डोळे तर कुणाचेच नव्हते. छान होते.

"मला वाटतं तेच तुलाही वाटतंय ना?" बार्नबीनं विचारलं.

"मला काही वाटत नाही."

"तू सांग त्याला."

"तूच सांग की. लॉर्डांच्या नाकांना नावं ठेवणारा तू."

"मी मेहुणा, बाई. मी बोललो तर ते टोचणं. तू बोललीस तर..." तो शाईचा हात फडक्याला पुसत राहिला.

जिन्यावर पावलं वाजली. एफ्रम खाली आला, दोरीवरच्या छापांकडे त्यानं लांबूनच पाहिलं.

"पत्रा गेला वाटतं."

"दमलाय," बार्नबी म्हणाला. "विश्रांती द्या म्हटलं."

"पॅस्कोंना ईस्टरला हवेत." एफ्रमनं पत्रा उचलला, तेलाच्या फडक्यानं त्यातली शाई पुसली आणि लेकराला न्यावं तसा छातीशी धरून वर नेला. त्यानं डॉर्कसला काही विचारलं नाही. पहिल्यांदा दुरुस्ती केली तेव्हा विचारलं होतं, "बरोबर आहे ना गं?" तेव्हा ती "हो" म्हणाली होती. दुसऱ्यांदाही म्हणाली होती.

पहिला एखादा छाप जपून ठेवायला हवा होता, असं कुणालाही वाटेल. पण पत्रा घरात असताना छाप कोण ठेवतो? ह्या धंद्यातली माणसं असल्या बाबतीत मूर्ख असतात. शिंप्याचा स्वतःचाच सदरा फाटका राहावा तसं ते राहिलं. पहिले, काळेभोर छाप कुठकुठल्या वाड्यांतल्या संग्रहांत गेले, काही जहाजातून परदेशी. डॉर्कस एकदा पॅस्कोंच्या दुकानात चौकशी करून आली होती. त्यांच्याकडे होते ते सगळे नंतरचे, पेगच्या वळणावर गेलेले. आणि खडूचं मूळ चित्र तिनं स्वतः केझीच्या हातांखाली ठेवलं होतं, शवपेटीचं झाकण लावायच्या आधी. एफ्रम म्हणाला होता, "असू दे. तांबं आहे आपल्याकडे."

दिवसभर वरून पात्याचा आवाज येत राहिला. पाळणा हलवावा तसा, कुरकुर, कुरकुर. दुपार कलली तसा तो थांबला. डॉर्कसनं बियर आणि पावाचा तुकडा घेतला. जिन्यात तिनं वाक्य पाठ केलं. ही आपली केझी नाही, एफ्रम. पत्रा मोडीत दे. तीन पायऱ्यांवर ते तिनं तीन तऱ्हांनी म्हणून पाहिलं. एकही मवाळ निघेना.

खिडकीला लावलेल्या तेलकट कागदातून दुधट उजेड येत होता. एफ्रम पत्र्यावर ओणवा होता. त्यानं गाल, तोंड, हनुवटी, सगळं परत काळं करून टाकलं होतं. मुलीच्या हातात मेणबत्ती होती आणि मानेवर काही नव्हतं.

"ये, बस," तो म्हणाला. "बरं झालं आलीस. पेग होत चालली होती ती."

डॉर्कसनं बियर आणि पाव खिडकीशी ठेवला. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

"कधीपासून?"

"दुसऱ्या खेपेपासून. तू हो म्हणालीस, मला वाटलं माझंच काही चुकतंय."

ती स्टुलावर बसली. पाठ केलेलं वाक्य आता कामाचं राहिलं नव्हतं.

"आता पहिल्यापासून करू," तो म्हणाला. "तू सांगायचं, मी काढायचं. तू आई आहेस. मी जन्मभर सगळं उलटं काढलं, छापात सुलट यावं म्हणून उजवं डावीकडे, डावं उजवीकडे. डोळे मिटले की दिसते ती पोर की तांबं, तेच कळेनासं झालंय मला." त्यानं खरवडणी अंगठ्यावर घासून पाहिली. "खळीपासून सुरू करतो. कुठल्या गालावर होती?"

"खळी," डॉर्कस म्हणाली.

"हो. हसली की पडायची ती. कुठल्या?"

तिला केझीच्या पायाची बोटं आठवत होती, कानामागचा वास आठवत होता, हाक आठवत होती. तिनं पदरासारखं एप्रनचं टोक बोटाला गुंडाळलं आणि समोरच्या हवेत हात उचलला, जेवण झाल्यावर पोरीचं तोंड पुसायला उचलत असे तसा. उंची बरोबर होती, तेवढी हाताला माहीत होती. हात एका बाजूला गेला, थबकला. मग दुसऱ्या बाजूला गेला. डोळ्यांपुढे आली ती मेणबत्तीच्या उजेडातली करडी मुलगी, स्ट्रँडवरच्या काचेमागची.

एफ्रम खरवडणी रोखून वाट बघत होता.

"डॉर्कस?"

तिनं हात खाली घेतला.

"मला आठवत नाही," ती म्हणाली. "एफ्रम, मला आपल्या केझीचं तोंड आठवत नाही."