ओठाच्या कोपऱ्यातला फोड

चिंगीला सकाळी सातचा पाढा धडाधड यायचा आणि दुपारी त्याच पाढ्याकडे ती परक्यासारखी बघायची. "हे मला कधी शिकवलंत?" असं वर विचारायची. शाळेतल्या बाई म्हणत, लक्ष नाही. वडील म्हणत, आळस. मावशी तेवढी काहीच म्हणत नसे.

मावशी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तिच्या ताईचं, म्हणजे चिंगीच्या आईचं, घर दोन गल्ल्या पलीकडे. चिंगी मावशीच्याच अंगाखांद्यावर आठ वर्षांची झाली होती. ताईला आता दुसऱ्या बाळाचा आठवा महिना लागला होता, म्हणून चिंगीच्या तपासणीला मावशीही बरोबर आली.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी चिंगीला बसमध्ये राहिलेल्या एका छत्रीची गोष्ट सांगितली. चिंगीनं ती लगेच जशीच्या तशी म्हणून दाखवली. ताईनं सुटकेचा श्वास सोडला. मग अर्धा तास चित्रं काढून झाली.

"आता ती छत्रीची गोष्ट सांग बघू."

चिंगीनं आईकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. "तुम्ही गोष्ट सांगितलीच नाहीत."

तिला बाहेर मदतनीस बाईंकडे पाठवून डॉक्टरांनी जुनी फाइल उघडली.

"जन्मानंतर बाराव्या दिवशी ताप, झटके. मेंदूला सूज. पाठीतून काढलेल्या पाण्यात विषाणू सापडला. औषध वेळेवर मिळालं म्हणून वाचली. पण मेंदूची बांधणी चालू असतानाच आठवणी साठवणाऱ्या भागाला इजा झाली. अभ्यास वाढला तसं ते दिसायला लागलं. हा आळस नाही."

ताईच्या डोळ्यांना धार लागली.

"दुसरं बाळ येतंय म्हणून विचारते. हा विषाणू बऱ्याचदा बाळंत होताना आईकडून जातो."

"तेव्हाचे डॉक्टरही हेच म्हणाले होते," ताई पुटपुटली. "आठ वर्षं स्वतःलाच खातेय मी."

"की ओठावर फोड आलेल्या कुणी बाळाचा पापा घेतला होता? त्यातूनही तो जातो."

मावशी बोलली तर बहीण आणि भाची दोघीही दुरावणार. गप्प बसलं तर ताईच्या माथ्यावरचा दोष तसाच राहणार. डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलं.

"माझ्या ओठावर होता," ती म्हणाली.

"काय?"

"तू बाळाला घेऊन घरी आलीस त्या दिवशी. ओठाच्या कोपऱ्यात. मी तिचे किती पापे घेतले! मला माहीत नव्हतं गं. तीन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या भिंतीवर लावलेलं पत्रक वाचलं, तेव्हा कळलं."

"नक्की तेच कारण, असं मीही आज सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि नकळत घडलं त्याला गुन्हा म्हणत नाहीत."

"पापे घेतल्याचं नाही हो, डॉक्टर." ताईची नजर बहिणीवरून हलली नाही. "तीन वर्षं! माझ्यासमोर बसून मला रडताना बघत होतीस?"

ताई फक्त चिंगीला घेऊन टॅक्सीत बसली.

एकोणीस दिवस फोन नाही. दुकानात तीन काचा तडकल्या. "बाई, आता तुमचाच नंबर तपासायला हवा," मालक म्हणाले. मावशीला हसू आलं नाही.

विसाव्या दिवशी ताई चिंगीचा हात धरून दुकानाच्या दारात उभी.

"डॉक्टरांनी वही दिलीय. थोडंच शिकवायचं, अर्ध्या तासानं विचारायचं, दुसऱ्या दिवशी परत विचारायचं. माझ्याच्यानं होत नाही, मी भडकते. तू ये."

"ताई, मी…"

"माफ-बिफ केलेलं नाही. तुझं तोंडही बघवत नाही अजून. पण पोरीचं नुकसान नको. आणि बाळ आलं, की मी बोलावेपर्यंत दाराबाहेर थांबायचं."

"थांबेन."

"मावशी, चल ना!" चिंगीनं तिचा पदर ओढला.

मावशीनं मालकांना न विचारताच यंत्र बंद केलं आणि हात पुसत त्या दोघींच्या मागून निघाली.