बेरीज नावाच्या घोडीची जात

घोड्याचा खूर दोन गुडघ्यांत धरला की नालबंद डोळे मिटून त्याचे आईबाप सांगे. तीस वर्षं तो असंच सांगत आला होता आणि एकदाही चुकला नव्हता. म्हणजे, तो चुकला असं सांगायला कुणी परत आलं नव्हतं. ज्याचा घोडा तो उंची जातीचा ठरवी तो छाती फुगवून जाई, ज्याचा हलका ठरवी तो तोंड पाडून जाई. पण पुढच्या वेळी दोघेही त्याच्याच दारात येत, कारण नाल मात्र तो खरोखरच उत्तम मारी.

"घोड्याला बोलता येत नाही म्हणून तुमचं चाललंय," असं त्याची बायको म्हणे. नालबंद त्याकडे दुर्लक्ष करी.

बायकोची धाकटी बहीण एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती. तिला घरातलेसुद्धा 'बाई' म्हणत, आणि ती समोर आली की नालबंदाची पाठ आपोआप ताठ होई. निवृत्तीनंतर कुणी झाडं लावतं, कुणी प्रवासाला जातं. बाईंनी घोडी घेतली. एक फर्निचर वाहणारा धंदा गुंडाळून मुलाकडे राहायला निघाला होता, त्याच्याकडून. तिचं नाव ठेवलं बेरीज, आणि पहिल्याच रविवारी सकाळी तिला चालवत भाऊजींच्या दारात आणून उभी केली.

"भाऊजी, दोन महिन्यांनी घोड्यांचं प्रदर्शन आहे. फॉर्मवर जातीचा रकाना आहे. तेवढं सांगा, म्हणजे मी भरून टाकते."

नालबंदानं घोडीकडे पाहिलं. तोंड लहानसं, नाकाला खोलगट बाक, अरबी घोड्याचा असतो तसा. छाती मात्र गाडा ओढणाऱ्या घोड्याची, दारातून आडवी जाणार नाही अशी. पाय शर्यतीच्या घोड्यासारखे लांबसडक. पोट कुठल्याच जातीचं नव्हतं. ते तिनं स्वतःच्या कर्तबगारीवर कमावलेलं होतं.

त्यानं खूर उचलला, गुडघ्यांत धरला, डोळे मिटले. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती.

"तीन हिस्से अरबी," तो म्हणाला. "एक हिस्सा डोंगरी तट्टू."

बाईंनी पिशवीतून वही काढली. "आईबाप तर दोनच असतात. चार हिस्से कुठून आले?"

"आजी-आजोबा चार असतात."

"बरं. मग त्यातले अरबी तीन कोणते?"

तीस वर्षांत असला उपप्रश्न कुणी विचारला नव्हता. नालबंदानं कपाळ पुसलं. "आईचे दोघं. आणि बापाची आई."

"म्हणजे वडिलांचे वडील डोंगरी," बाईंनी लिहून घेतलं. "हे सगळं खुरावरून?"

"खुरावरूनच," नालबंद म्हणाला, आणि खिडकीतून हसण्याचा आवाज आला तो त्यानं ऐकलाच नाही असं दाखवलं.

पण बाई म्हणजे एका उत्तरावर थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. गणिताचा ताळा करून बघायची सवय हाडीमांसी मुरलेली. त्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी घोडीची हाडं चाचपली आणि ठामपणे सांगितलं, "ही ओझ्याची जात. अरबीबिरबी काही नाही." खोगीर शिवणाऱ्याकडे गेल्या, तर त्यानं पाठीला टेप लावला आणि डोळेच मोठे केले. "बाई, ही शर्यतीच्या घराण्यातली! पाठ खोटं बोलत नाही." बाईंनी तिन्ही उत्तरं वहीत एकाखाली एक लिहिली आणि पुढल्या रविवारी भाऊजींसमोर ठेवली.

"डॉक्टरला हाडांपलीकडे काय दिसतं?" नालबंद उसळला. "आणि तो खोगीरवाला! त्याला बैल दाखवला तरी शर्यतीचा म्हणेल."

"म्हणूनच मी भांडण मिटवून टाकलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "आयाळीचे वीस केस मुळासकट उपटून प्रयोगशाळेत पाठवले. रक्तात कोणत्या जाती आहेत ते टक्केवारीसकट कळवतात. पाच आठवडे लागतील."

त्या दिवशी नालबंदाला जेवण गेलं नाही. इतकी वर्षं त्याची विद्या बिनबोभाट चालली होती, कारण तपासणार कोण? आता केस तपासणार होते, आणि केसाला ना नालबंदाची भीड, ना नात्याची. गावभर काय होईल ते त्याला डोळ्यांपुढे दिसू लागलं. डॉक्टर हसणार. खोगीरवाला तर हसून हसून दुकान बंद ठेवणार.

यावर एकच उपाय होता. निकाल यायच्या आत घोडीचे आईबाप स्वतःच शोधून काढायचे, आणि मग सहज बोलता बोलता आपलं उत्तर जरा सुधारून घ्यायचं.

"लोखंड बघायला जातोय," असं बायकोला सांगून तो निघाला. फर्निचरवाला सामान बांधतच होता. तो म्हणाला, घोडी मला एका फोटोग्राफरनं दिली. फोटोग्राफर म्हणाला, मुलांना घोड्यावर बसवून फोटो काढायचो, पण मुलं एवढ्या उंच बसायला घाबरायची आणि फोटोत सगळी रडकी यायची. त्यानं ती शहराबाहेरच्या रोपवाटिकेतून आणली होती. तिथल्या म्हातारीच्या तबेल्यातच ती जन्मली, असंही तो म्हणाला. नालबंदाला हर्ष झाला. जन्म जिथं, तिथं आईबापही आलेच!

दोन गाड्या बदलून तो रोपवाटिकेत पोचला. कुंड्यांच्या रांगा, ओल्या मातीचा वास, मागे एक जुना तबेला. जागा कुठं तरी पाहिल्यासारखी वाटली, पण नालबंदानं जन्मात शेकडो तबेले पाहिले होते. म्हातारीनं त्याला बाकावर बसवलं, चहा दिला.

"आई लिलावात घेतली होती मी," ती सांगू लागली. "आणली तेव्हाच पोटुशी होती. बाप कोण ते लिलाववाल्यालाही ठाऊक नाही. आईची जात विचाराल तर तीही नाही माहीत."

नालबंदाचा चेहरा उतरला. "म्हणजे काहीच कळायला मार्ग नाही, मावशी?"

"आहे की. लेखी आहे." म्हातारी आत गेली आणि पत्र्याच्या डब्यातून एक पिवळा पडलेला कागद घेऊन आली. "शिंगरू महिन्याचं असताना एक नालबंद आला होता. मोठा जाणकार म्हणे. त्यानं खूर बघून लिहून दिलं."

नालबंदानं कागद उलगडला. 'या शिंगराची जात तपासली. शुद्ध डोंगरी. अरबी रक्ताचा थेंबही नाही. उंची माणसाच्या कमरेवर जाणार नाही.' खाली सही. सहीच्या शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपूट. तसं शेपूट सगळ्या पंचक्रोशीत एकच माणूस काढत होता, आणि तो आत्ता बाकावर बसून चहा पीत होता.

"मी म्हटलं, बरं झालं," म्हातारीचं चालूच होतं. "छोटी जात आहे, नातवंडांना होईल. म्हणून तबेला तसाच बुटका ठेवला. आणि ती वाढायला लागली! दर महिन्याला बोटभर. पहिल्या वर्षी दाराची चौकट काढली. दुसऱ्या वर्षी भिंत फोडली. तिसऱ्या वर्षी छत वर चढवलं. नवरा रोज सकाळी पाना घेऊन तबेल्यात जायचा आणि त्या नालबंदाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. स्वयंपाकघरात ऐकू यायचं."

नालबंदानं कप खाली ठेवला. कागदाची घडी घालून गुपचूप निघून जाता आलं असतं. म्हातारीला डोळ्यांना कमी दिसत असणार, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण तिनं त्याच्यासाठी बिस्किटंही काढली, आणि मग त्याला राहवेना.

"मावशी," तो म्हणाला, "तो नालबंद मीच."

"माहीत आहे," म्हातारी म्हणाली. "फाटकातून आलात तेव्हाच ओळखलं. मिशी गेली, पण चालायचा रुबाब तोच आहे. आज चौदा वर्षांनी कबूल केलंत, तेवढ्यावर माझं समाधान झालं. बिस्किट घ्या." आणि बशी पुढे सरकवून तिनं विचारलं, "बरं, आता सांगा, काय जात असेल तिची?"

नालबंदानं तोंड उघडलं. मग मिटलं. मग बिस्किट खाल्लं.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती हसून हसून पायरीवरच बसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग म्हणाली, "मोठी बहीण मी, तेव्हा धाकटीला मीच सांगते." पण नालबंद स्वतःच बाईंकडे गेला. म्हातारीकडून मागून आणलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा उभा राहिला. बाईंनी कागद दोनदा वाचला.

"तेव्हा शुद्ध डोंगरी, आता एक हिस्सा डोंगरी," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षांत तीन आजी-आजोबा बदलले. भाऊजी, प्रगती आहे."

चार दिवसांनी प्रयोगशाळेचं पाकीट आलं. बाईंनी डॉक्टर आणि खोगीरवाला यांनाही बोलावून घेतलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि निकाल वाचला. ओझ्याची जात अठरा टक्के. शर्यतीची चौदा. अरबी सहा. डोंगरी एक. उरलेले एकसष्ट टक्के, 'ओळख पटत नाही.'

"अठरा!" डॉक्टर टाळी वाजवत म्हणाले. "मीच पहिला."

"पस्तीसला पास असतं," बाई म्हणाल्या. "तिघंही नापास."

"पण काही ग्रेस मार्क—"

"सतरा मार्कांचा ग्रेस मी आयुष्यात कुणाला दिला नाही."

प्रदर्शनाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. बाईंबरोबर नालबंदही गेला. खिडकीतला कारकून वैतागलेला. त्याच्याकडे चार रकाने होते: अरबी, शर्यतीची, ओझ्याची, डोंगरी. "एकावर खूण करा," तो म्हणाला. "एकसष्ट टक्क्यांचा माझ्याकडे रकाना नाही." तेवढ्यात त्याची नजर नालबंदावर पडली आणि चेहरा उजळला. "अहो, तुम्हीच आहात की! तुमच्या शब्दावर आम्ही दरवर्षी निम्मे फॉर्म भरतो. सांगा, काय लिहू?"

रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. नालबंदानं सवयीनं डोळे मिटले. अरबी हा शब्द जिभेच्या टोकावर आला, आणि त्याला पाना घेऊन तबेल्यात जाणारा एक माणूस दिसला.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"माहीत नाही. मला माहीत नाही." दुसऱ्यांदा म्हणताना त्याला इतकं हलकं वाटलं की तिसऱ्यांदा त्यानं उगाचच म्हटलं. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. वर्गातल्या ढ मुलानं अचानक बरोबर उत्तर दिल्यावर पाहावं तसं.

कारकुनाला घरी जायचं होतं. त्यानं पाचवा रकाना आखला, त्यात 'माहीत नाही' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

प्रदर्शनाच्या दिवशी लाउडस्पीकरवरून एकेक जातीचे घोडे पुकारले गेले. शेवटी आवाज आला, "आता माहीतनाही जात! एकूण स्पर्धक एक!" बाई घोडीला घेऊन मैदानात उतरल्या. बेरीज मधोमध थांबली, तिनं परीक्षकांच्या टेबलावरचा फुलांचा गुच्छ हुंगला आणि खाल्ला. बाहेरगावाहून आलेल्या मुख्य परीक्षकांनी यादी पाहिली, घोडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, छातीकडे पाहून मान डोलावली, पायांकडे पाहून मान डोलावली.

"जातीची सगळी लक्षणं उतरली आहेत," त्यांनी माइकवर जाहीर केलं. "पहिला क्रमांक."

कुंपणाशी उभा असलेला एक धिप्पाड गृहस्थ नालबंदाला कोपरानं ढोसून म्हणाला, "काय देखणी जात आहे हो! अशी जोडी मला पाहिजे. कुठं मिळेल?"

नालबंदाच्या बायकोनं श्वास रोखून नवऱ्याकडे पाहिलं. नालबंदानं एकदा मैदानाकडे पाहिलं. बाई घोडीच्या तोंडातून गुच्छाची फीत ओढून काढत होत्या.

"जोडी अवघड आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "पण तुमचा घोडा एकदा घेऊन या. नाल तरी चांगली मारून देईन."