शिवेवर कापलेला नकाशा

खालापूरच्या त्या सर्वेक्षण कचेरीत नम्रताची सहा वर्षं गेली होती आणि भाविकाला येऊन सहा महिनेही झाले नव्हते. तरी साहेबांनी पोशीरच्या नव्या बंधाऱ्याचा नकाशा करायला भाविकाकडे दिला. पोशीर म्हणजे नम्रताचं माहेर! आता ही मोहोपाड्याच्या कॉलनीत वाढलेली पोर गावसभेत, माझ्या वडिलांसमोर उभी राहून आमचा ओढा आम्हालाच दाखवणार. नम्रताच्या अंगाचा तिळपापड झाला.

काम तसं सोपं. उपग्रहावरून घेतलेला जमिनीच्या चढउताराचा नकाशा अख्ख्या तालुक्याचा होता. त्यातून लागेल तेवढा भाग कापून घ्यायचा. भाविकाने त्यावर गावाची सीमारेषा ठेवली आणि विचारलं, "ताई, तुमचंच गाव. या रेषेवर कापू ना?"

नम्रताला चूक लगेच दिसली. ओढा जिथून निघतो तो डोंगर शिवेबाहेर, वनखात्याच्या हद्दीत. तो कापला गेला तर वरून येणारं पाणी हिशोबात धरलंच जाणार नाही आणि बंधारा पहिल्याच पावसात वाहून जाईल. बंधाऱ्याखालीच वडिलांची भातखाचरं.

"काप की," ती म्हणाली. होऊ दे हिची चारचौघांत फजिती. मग आपण पुढे होऊ आणि चूक दाखवून देऊ. सगळ्या गावाला कळेल खरी जाणती कोण ते.

सभेत पडद्यावर नकाशा आला, अगदी नीटनेटका. नम्रताचे वडील कोंडाजी पुढे वाकून बघत राहिले.

"पोरी, डोंगर कुठं हाय? पानी काय आमच्या शिवेवर उगवतं?"

लोक हसले. भाविकाचा चेहरा पडला. नम्रता उठणारच, तेवढ्यात वडील तिच्याकडे वळले.

"नमे, तू तर हितलीच. त्या डोंगरावर करवंदं खात वाढलीस. तू नाय का गं सांगितलंस हिला?"

भाविकाने नम्रताकडे एकदा पाहिलं. भाविकाला सगळं कळलं होतं.

"ताईंनी सांगितलं होतं काका, मीच विसरले. डोंगरासकट पुन्हा कापून आणते."

आजवर नम्रताला भाविकाच्या कामाचा हेवा वाटायचा. आता तिच्या मोठ्या मनाचाही वाटला, आणि तो जास्त झोंबला.

"गुणाची पोर हाय," कोंडाजी म्हणाले. "चूक कबूल करायला काळीज लागतं. नमे, शिक जरा हिच्याकडून."