नापास व्हायचा बेत

मामा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, आणि शाळा सुटली की त्याची नऊ वर्षांची भाचीही मागच्या सीटवर बसून शिकवायची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आईवडील गेल्यापासून ती मामा-मामीकडेच होती. "आरसा केस विंचरायला नाही दिलेला," असले शेरे मारण्यात तिचा हातखंडा होता.

त्या दिवशी स्टिअरिंगवर वकीलबाई होत्या. कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या या बाई गाडीच्या टेस्टमध्ये तीनदा आपटल्या होत्या. क्लचशी झटापट करता करता त्या मामाला समजावत होत्या. पालकत्व घेतलं तर मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत जबाबदारी तुमची, कागदोपत्री मात्र ते आपल्या आईबापांचंच राहतं. दत्तक घेतलं तर ते कायमचं तुमचं. एवढं सांगेपर्यंत गाडी आचका देऊन बंद पडली.

"पालकत्वच घेऊ," मामा म्हणाला. "अठरापर्यंतचं बघू, पुढचं पुढे."

मागच्या सीटवर भिंगरीने बोटं मोजली, अठराला नऊच वर्षं उरली होती. मामाचे शिकाऊ तिने पाहिले होते. लायसन्स हातात पडलं की पठ्ठे रस्त्यात ओळखसुद्धा दाखवत नसत. उलट वकीलबाई बघा! नापास होतात म्हणून रोज हक्काने येतात, मामीच्या हातचा चहा पितात. भिंगरीने मनाशी खूणगाठ बांधली. आपण पास व्हायचंच नाही.

रविवारी पालकत्वाच्या अर्जासाठी घर बघायला अधिकारीबाई आल्या. मामीने घर लख्ख केलं होतं, मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. भिंगरीनेही कंबर कसली होती. तिने फ्रॉक उलटा घातला, पाढ्यांत सात दुणे सतरा केले आणि बाईंच्या चहात साखरेऐवजी मीठ ढवळलं. बाईंनी एक घोट घेतला आणि गिळावा की काय करावं, या विचारात गाल फुगवून बसल्या. मामीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घोट कसाबसा खाली गेल्यावर बाईंनी विचारलं, "तुला इथे राहायचं नाही का?"

"राहायचंय. म्हणून तर नापास होतेय."

मग शिकाऊंची सगळी कहाणी भडाभडा बाहेर आली. मामा मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला की दत्तक घेतलं तर कागदावरून बहिणीचं नाव जाईल, तिथे त्याचा जीव अडला होता. पोरीला घालवून द्यायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"आईचं नाव माझ्या लक्षात आहे," भिंगरी म्हणाली. "तू तुझं काय ते सांग."

मामाने मामीकडे पाहिलं. मी पहिल्या दिवसापासून हेच कानीकपाळी ओरडतेय, असं मामीने ऐकवलंच.

"दत्तक," मामा म्हणाला.

भिंगरी बाईंकडे वळली. "एकदा दत्तक झाल्यावर यांना मला परत करता येतं?"

"नाही."

"मी कितीही वाईट वागले तरी?"

"तरीही नाही."

भिंगरीने मोठा सुस्कारा सोडला. "मग सांगते. मामा, गाडीच्या दारावरचा तो लांब ओरखडा वकीलबाईंनी नाही मारला. माझ्या सायकलने मारला."

मामाने तिचा कान धरला. पिळायचं काही त्याला जमेना, नुसता धरूनच बसला. भिंगरीनेही तो सोडवून घेतला नाही. तिला फार बरं वाटत होतं.