झऱ्याकाठचा पाला

अमेरिकेतल्या वाळवंटी डोंगरांतल्या हरणांचा डेटा मी कावासाकीच्या लॅबमध्ये बसून तीन वर्षं चाळला. निष्कर्ष एवढाच: झऱ्याकाठी हिरवा पाला असतो, पण तिथे प्यूमा दबा धरून बसतो, म्हणून हरणं वरच्या उघड्या उतारावर वाळक्या काटक्या चघळतात.

आमचे प्रोफेसर ओनुमा जेवणाच्या खोलीत खिडकीपाशी बसत. मी डबा उघडला की विचारत, "शैलजा-सान, डेटा कुठवर आला?" मेल्याचा आवाज इतका मऊ, की मी डबा झाकून उठायचे. मग २०११च्या भूकंपात तडा गेलेल्या जिन्यात बसून मी रोज गार पोळीभाजी खाल्ली. माझ्या शोधनिबंधावर त्यांचं नाव पहिलं लागलं, तेही तिथेच गिळलं.

मार्चमध्ये ते निवृत्त झाले आणि लॅबचा गट माझ्याकडे आला. सोमवारी मी ऐटीत खिडकीपाशी जाऊन बसले. समोर दोन विद्यार्थिनी जेवत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "डेटा कुठवर आला?"

मंगळवारी खोली रिकामी होती. त्या दोघी जिन्यात जेवत होत्या, माझ्याच तडा गेलेल्या पायरीवर.