व्याह्यांचा पेला

हनोईहून आलेल्या व्याह्यांनी, लुओंगसाहेबांनी, परदेशी बाटलीचं बूच उघडलं, तेव्हा उकडलेल्या कोंबडीचं ताट घेऊन येणारी थोआ दारातच थबकली. तिचा नवरा क्वेत एक्केचाळीस दिवस प्यायला नव्हता. लेकीनं, झुएननं, हात जोडले होते, "माझी सोयरीक ठरेपर्यंत तरी, बाबा."

साहेबांनी दोन पेले भरले. "घ्या. आमच्याकडे रोज जेवणाआधी दोन होतातच."

"पोट बरं नाही माझं," क्वेत म्हणाला. नजर मात्र पेल्यावरून हलेना.

"आजच्या दिवशी नाही म्हणता? की आमची दारू चालत नाही तुम्हाला?"

साहेब हसत होते, पण पुढे केलेला पेला मागे घेईनात. नवरामुलगा मान खाली घालून बसला. क्वेतचा हात उठला. दुसऱ्या हातानं त्यानं तो मनगटाशी धरून ठेवला. विहीणबाईंनी ते पाहिलं आणि ओठ मुडपले. थोआला ते झोंबलं. रोज दोन पेले घेणारा तो घरंदाज, आणि हा दारुडा!

ताट टेकवून तिनं पेला मधूनच उचलला. "यांच्या वाटचा मी घेते." एका दमात रिचवला. घशात निखारा उतरला.

"वा, तुम्ही तर पट्टीच्या निघालात." साहेबांनी पेला पुन्हा भरला.

"हाही मीच घेईन. पण साहेब, तुमची बाटली कपाटात असते. आमच्या घरात भट्टी आहे. तांदळाची दारू विकते, चोथा डुकरांना घालते, त्या डुकरांवर पोरगी शिकली. नळीखाली चव बघता बघता हा माणूस बुडाला. आत्ता कुठे काठाला लागलाय. ओढू नका त्याला."

साहेबांचा चेहरा तांबडालाल झाला. शेवटी विहीणबाईंनीच हात लांबवून बूच लावलं. "चहा टाक," त्या दाराशी उभ्या झुएनला म्हणाल्या.

लग्नाला दहाव्या महिन्यातली तारीख ठरली. साहेब जाताना क्वेतशी बोलले नाहीत.

गाडी गेल्यावर क्वेत म्हणाला, "उद्या भट्टी नको लावूस."

"मग डुकरांना काय घालू?"

तो कोयता घेऊन तळ्याकाठी केळीचे खांब तोडायला गेला. नुसत्या केळीवर डुकरं अंग धरत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. थोआचं डोकं गरगरत होतं. तिनं त्याला अडवलं नाही.